समुद्रावालीचं घर

आमच्या गावच्या विहारात एका पावसाळ्यात काही संध्याकाळी युरियाचं वाचन झालं. लोकांनी ते हात जोडून ऐकलं. वाचणारी मीच होते, त्यामुळे ही ऐकीव माहिती आहे असं कुणी समजू नये. खताचा दुसरा हप्ता फुटवे येताना द्यावा, असं मी मोठ्यानं वाचलं आणि समोरच्या बायांनी मान डोलावली. वाचन संपल्यावर नेहमीसारखे फुटाणे वाटले.

झालं होतं असं. चिमूरपासून काही कोसांवर आमचं गाव, त्यात आमची वस्ती आणि वस्तीच्या मधोमध आमच्या लोकांनी श्रमदानानं बांधलेला कौलारू विहार. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासात, तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाले. दिवसभर धानाची रोवणी करून पाय चिखलानं कुजलेल्या बाया घरी येत, आंघोळ करत, पांढरं लुगडं नेसत आणि विहारात येऊन बसत. आधी त्रिसरण-पंचशील, मग वाचन, मग गुरुजींचं समजावून सांगणं. गुरुजी म्हणजे गावच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हापासून वाचनाचं काम माझ्याकडे आलं, कारण वस्तीतून कॉलेजात जाणारी मी एकटीच होते. समजावणं मात्र त्यांनी सोडलं नाही. त्याला डोळे लागत नाहीत, असं ते स्वतःच म्हणत.

त्या वर्षी श्रावणाच्या झडीत विहाराची कौलं सरकली आणि पाणी नेमकं ग्रंथावर गळलं. पानं एकमेकांना चिकटून ग्रंथाची वीट झाली. चंद्रपूरच्या बाइंडरकडे पाठवला, तर त्यानं हातात शाळांची कामं आहेत, महिना-दीड महिना तरी लागेल, असा निरोप दिला. शेजारच्या गावाचा ग्रंथ मागावा तर तिथेही वर्षावास चालूच. आणि एकदा सुरू झालेलं वाचन खंडित होऊ द्यायचं नाही, ही विहाराची रीत. मग गावात छापील म्हणून काय काय आहे याचा शोध सुरू झाला. खताच्या दुकानात फुकट मिळालेली पुस्तिका पहिली हाती लागली. ती दोन दिवसांत संपली. पुढच्या रांगेत बसणाऱ्या एका आजीनं ती पुन्हा पहिल्यापासून वाचावी अशी सूचना केली. आजवर विहारात जे जे वाचलं गेलं त्यात सगळंच्या सगळं समजलेलं तिच्या मते हेच होतं.

दुसरं पुस्तक माझ्या पिशवीत होतं. आमच्या मराठीच्या सरांनी वाचायला सांगितलेली कुठल्याशा थंड देशातली जुनी कादंबरी, कुणीतरी मराठीत आणलेली, पुठ्ठा गेलेली. हे अभिजात साहित्य आहे असं सर म्हणाले होते, आणि त्यांनी एक वाक्य उतरवून दिलं होतं: या कृतीत स्वप्न आणि वास्तव यांचा संघर्ष आहे. संघर्ष म्हणजे मोर्चा, एवढंच मला तोवर माहीत होतं. कादंबरी मी उघडलेली नव्हती. ते वाक्य पाठ केलं की परीक्षा निघते, असं वरच्या वर्गातल्या मुली सांगत, आणि माझा त्यांच्यावर विश्वास होता.

गुरुजींनी पहिली काही पानं माझ्याकडून वाचून घेतली आणि विचारलं, "यात देव हाये का कुठी?"

"नाही."

"चमत्कार?"

"अजून तरी नाही."

"मंग चालते," गुरुजी म्हणाले. अशा रीतीनं अभिजात साहित्याला आमच्या विहारात प्रवेश मिळाला.

कादंबरीतल्या मुलीचं नाव कुणालाच उच्चारता येईना. पहिल्या संध्याकाळी मीच ते निरनिराळ्या तऱ्हांनी वाचलं, तेव्हा बायांना वाटलं की मुली बऱ्याच आहेत. शेवटी आजीनं तिचं नाव समुद्रावाली ठेवलं आणि तेच चाललं. ही समुद्रावाली समुद्रकाठच्या एका बर्फाळ गावात राहायची. बाप मास्तर. तिचं लग्न ठरलेलं होतं आणि होणारा नवरा जहाजात बसून पलीकडच्या किनाऱ्याला गेला होता. तिथे दगडी घर बांधतो, मग तुला नेतो, असं सांगून गेला होता. ती त्या घरासाठी चादरी शिवायची, बशा जमवायची, आणि त्या घराच्या कोणत्या खोलीत सकाळचं ऊन येईल ते शेजारणींना सांगायची. बाकी काही घडत नव्हतं. जुन्या लेखकांना घाई नसायची.

बायांनी कादंबरी मन लावून ऐकली. त्यांच्या शंका मात्र सरांच्या वाक्यात बसणाऱ्या नव्हत्या.

"एवढं बरफ पडते, मंग धान कवा रोवते ते लोकं?" आजीनं विचारलं.

"ते धान नाई खात," गुरुजी म्हणाले.

त्या देशाची सगळ्यांना खरोखरची दया आली.

गुरुजी रोज वाचन संपलं की समुद्रावालीला पाचही शीलं लावून तपासत. जीवहिंसेच्या बाबतीत ती मासे खायची, पण तळ्यातले मासे आम्हीही खायचो, त्यामुळे ते प्रकरण फार ताणलं नाही. चोरी तिनं केली नव्हती. दारूचा प्रश्न अवघड होता. ती जेवताना लाल रंगाचं काहीतरी घ्यायची. थंडीच्या देशात औषध म्हणून घेत असतील असं माझी आई म्हणाली, आणि तो मुद्दा पुढच्या बैठकीवर ठेवला गेला. एकंदरीत बाई शीलवान आहे असं विहाराचं मत बनत चाललं होतं.

आता माझ्या आत्याबद्दल सांगायला हवं. ती विहारात डावीकडच्या खांबाला टेकून बसायची.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. मी प्राथमिक शाळेत असताना ती महिनाभरासाठी म्हणून माहेरी आली आणि राहिली. तिचा नवरा गडचांदूरकडे सिमेंटच्या कारखान्याचं काम निघालं तेव्हा तिकडे गेला होता. आधी रोजीनं लागला, मग पक्का झाला. क्वार्टर मिळालं की तुला नेतो, असं तो जाताना म्हणाला होता. मधे एकदा कुणाच्या तरी मयतीला आला, तेव्हाही म्हणाला, नंबर लागून राह्यला. त्यानंतर तो आला नाही. आत्या मात्र त्या क्वार्टरमध्ये केव्हाच राहायला गेली होती.

हे मी अलंकारानं बोलत नाही. सकाळी अंगण सारवून झालं की आत्या काडीनं ओल्या शेणावर दोन खोल्या आखायची. इथी मोरी, इथी नळ, इथी स्टो, चूल नाहीच, कारण भिंती काळ्या होतात. आम्ही मुलं त्यावरून धावलो की ती ओरडायची, "भिंतीतून नका जाऊ बापा, दरवाजा हाये न तिकडं." आम्ही दरवाजातून जायचो. ऊन चढलं की शेण वाळून रेघा दिसेनाशा व्हायच्या, आणि मग ती डोक्याला फडकं बांधून दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणीला निघून जायची. संध्याकाळी भाजी निवडताना ती हळू आवाजात नवऱ्याशी बोलायची. आज काय शिजवू, कपडे कुठी वाळवू, असं. घरात सगळ्यांना हे माहीत होतं. तिला टोकायचं नाही, असं आईनं आम्हाला सांगून ठेवलं होतं.

त्या वर्षी गुरुजींनी तिच्यासाठी एक स्थळ आणलं. दोन गावं पलीकडचा विधुर, थोडी धानाची शेती, एक लहान मुलगी. समाजाच्या बैठकीत पहिल्या नवऱ्याकडून फारकत घेऊ, वर्षावास संपला की साधेपणानं लग्न लावू, असं गुरुजी म्हणाले. बाबांना ते एकदम पटलं, इतकं की मला नवल वाटलं. बाबा एरवी कुठलीही गोष्ट पटायला एक हंगाम घ्यायचे. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "थांबा न. यंदा नंबर लागतेच."

आश्विन पौर्णिमेपर्यंत उत्तर द्यायचं होतं. त्यानंतर तो माणूस दुसरीकडे पाहणार होता, आणि टाकलेल्या बाईला स्थळं काही झाडाला लागत नाहीत, हे आई रोज चुलीपुढे बसून कुणाला तरी ऐकवायची. आत्या ऐकायची आणि अंगण सारवायची.

समुद्रावाली सकाळच्या उन्हाबद्दल शेजारणींना सांगते तो भाग मी वाचला, त्या संध्याकाळी काय झालं ते मला नीट आठवतं. मी वाचत होते आणि एकाएकी लक्षात आलं की कुणी खोकत नाही, कुणी डास मारत नाही, लेकरांनाही कुणी दटावत नाही. मी वर पाहिलं. सगळ्या बाया छताकडे, मूर्तीकडे, गॅसबत्तीकडे पाहत होत्या. डावीकडच्या खांबाकडे पाहायचं नाही यासाठी इतक्या माणसांना एकाच वेळी इतके कष्ट घेताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही. माझी जीभ अडखळली. मी पुस्तक आधी वाचायला हवं होतं, हे मला त्या क्षणी कळलं आणि सरांचा फार राग आला. आत्या पायातला काटा काढत होती. काटा निघाल्यावर ती म्हणाली, "वाच न वं. थांबली काऊन?"

गुरुजींना मात्र कादंबरीत मोठं हत्यार सापडलं. दुसऱ्या दिवसापासून ते तृष्णेवर बोलू लागले. माणूस दुःखी का होतो? तृष्णेमुळे. नाही त्याची वाट पाहणं म्हणजे तृष्णा. समुद्रावालीला दगडी घराची तृष्णा झाली, म्हणून बर्फात बसून तिची हाडं गारठून राह्यली. समोर आहे ते घ्यावं, हाच मध्यम मार्ग. हे सगळं ते आत्याकडे पाहून बोलत, म्हणजे तसा त्यांचा समज होता. मोतीबिंदूमुळे खांब त्यांना एक हात उजवीकडे दिसायचा आणि तिथे माझी आई बसलेली असायची. आई दोन दिवस विचारात पडली होती की आपल्याला कशाची तृष्णा झाली. शेवटी तिनं नवीन स्टीलचा डबा घ्यायचा बेत रद्द केला.

आत्यानं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिला कादंबरीत स्वतःचं काही दिसलंय असं कुठे जाणवेना. उलट समुद्रावालीवर ती दिवसेंदिवस चिडत चालली.

"पोरी, ते जहाज जाते का रोज?" एका संध्याकाळी तिनं मला विचारलं.

"आठवड्यातून एकदा जातं, असं दिलं आहे."

"मंग हे बसून काऊन राह्यली? जाऊन पाहून याचं न. घर हाये का नाई, कोनत्या तोंडाचं हाये. चादरीच शिवून राह्यली मेली."

गुरुजी म्हणाले, "बाई, तृष्णेनं मानूस आंधळा होते."

"आंधळ्याले बी जहाजात बसता येते जी," आत्या म्हणाली. बाया हसल्या. गुरुजीही हसले, पण जरा उशिरा.

दोन-तीन दिवसांनी खरंच समुद्रावाली जहाजात बसली. जहाज किनारा सोडतं तिथे प्रकरण संपत होतं, तिथेच मी पुस्तक मिटलं. बायांना एवढा आनंद झाला की फुटाणे घ्यायचंही कुणाला सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण सारवलं नव्हतं. आत्या न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी होती. हातात पिशवी. मी गडचांदूरला जातो, असं तिनं सांगितलं. आमच्याकडे बायाही स्वतःबद्दल असंच बोलतात. चिमूरच्या बाजारापलीकडे ती कधी गेलेली नव्हती.

"एकटी?" आई म्हणाली.

"बस एकटीले घेत नाई का?"

बाबा गोठ्यातून धावत आले. बाईमाणसानं असं जायचं नसतं, रोवणी आटोपू दे, मी स्वतः जाऊन पाहून येतो, असं ते घाईघाईनं म्हणाले.

आत्या त्यांच्याकडे पाहत राहिली. "तू दोन खेप जाऊन आला न दादा," ती म्हणाली. "दोनी खेप येऊन तू सांगतलं, बरा हाये, नंबर लागून राह्यला. क्वाटर कसं हाये ते नाई सांगतलं."

बाबा पुन्हा गोठ्यात गेले आणि बैलांना चारा टाकू लागले. बैलांपुढे चारा आधीच होता. मी तेव्हा अठराची असेन, पण एवढं कळण्याइतकी अक्कल मला होती. बाबांनी तिथे काय पाहिलं होतं आणि ते स्थळ त्यांना एकाएकी का पटलं, हे मला त्या गोठ्याच्या दारात समजलं. आईनं आत्याच्या पिशवीत पोळ्या आणि तिळाची चटणी घातली. आत्या बसथांब्याकडे निघून गेली.

त्या संध्याकाळी वाचन झालं. आत्या येईपर्यंत थांबू या, असं मी म्हणून पाहिलं, पण रीत ती रीत. शिवाय समुद्रावाली भर समुद्रात होती आणि तिला तिथे ठेवून घरी जायला कुणीच तयार नव्हतं.

ती पलीकडच्या किनाऱ्याला उतरली. पत्ता विचारत विचारत गेली. घर नव्हतंच. वाळूत काही लाकडी खुंट ठोकलेले होते, घराची आखणी करायला ठोकतात तसे, आणि तेही कलले होते. तो माणूस केव्हाच आणखी पुढच्या कुठल्या शहरात निघून गेला होता. ती त्या खुंटांच्या मधे थोडा वेळ उभी राहिली आणि पुढच्या जहाजानं परत आली. गावातल्या लोकांनी विचारलं, घर कसं आहे? ती म्हणाली, फार छान आहे. दगडी आहे, दोन मजली आहे, सकाळी ऊन येतं. मग ती म्हातारी होईस्तोवर जगली आणि शेवटपर्यंत त्या घराबद्दलच सांगत राहिली. पुस्तक संपलं.

बायांनी एकच गलका केला. त्यांना वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटेल, पण आधी त्या संतापल्या. एवढं दूर जाऊन पाहून आली आणि खोटं बोलली? मग गेली कशाला?

गुरुजी सावरून बसले. इतक्या दिवसांनी समुद्रावालीनं एक शील मोडलं होतं. "मृषावाद," ते म्हणाले. "चौथं शील. खोटं बोलनाऱ्यालेच नाई, आयकनाऱ्याले बी दुःख होते." मागच्या भिंतीशी बाबा बसले होते. ते उठले आणि चपला न घालताच बाहेर गेले.

आजी म्हणाली, "आपली बाई बी असंच येऊन सांगन पाहा." कुणी तिला गप केलं नाही, कारण प्रत्येकीच्या मनात तेच होतं. मला घरी जाऊन झोप लागली नाही. पुस्तक मीच आणलं होतं, आणि पुस्तकातलं माणसं खरं करून दाखवतात की काय, अशी एक वेडगळ भीती मला वाटत होती.

आत्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बसनं आली. कादंबरी संपल्यामुळे विहारात पुन्हा खताची पुस्तिका काढली होती आणि मी पहिल्या हप्त्यापाशी होते. ती घरी न जाता थेट तिथेच आली. हौदावर पाय धुतले, मूर्तीपुढे वाकली आणि आपल्या खांबापाशी जाऊन बसली. मी वाचायचं थांबवलं. या वेळी वाच म्हणून कुणी म्हटलं नाही.

"जाऊन आली का वं बाई?" आजीनं विचारलं.

"आली."

"कसं हाये?"

"क्वाटर चांगलं हाये," आत्या म्हणाली. "दोन खोल्या हायेत. नळ हाये. पंखा हाये."

आजीनं पदर डोळ्यांना लावला. कादंबरीचा शेवट त्या विहारात सगळ्यांना माहीत होता, एकट्या आत्याला माहीत नव्हता, आणि तीच तो आमच्यासमोर बसून बोलत होती. गुरुजींनीही मान खाली घातली.

आत्यानं पदरानं मान पुसली. "बाई बी चांगली हाये," ती म्हणाली.

"कोनती बाई?"

"त्याची. तिनं मले चा देला. एक लेकरू हाये, नाक अगदी त्याच्यावानीच. तो डुटीवर होता, म्हनून बसली मी थांबून. आला. मले पाहून म्हणे, काऊन आली? मी म्हटलं, पाहाले."

"मंग?"

"मंग पाह्यलं," आत्या म्हणाली.

आत्या माझ्याकडे वळली. "तुह्या पुस्तकातलं बरफ बी पाहून आली वं पोरी. झाडं, छपरं, सारं पांढरं. सिमेंट उडते तिथी. घरात बी येते. ते बाई दिवसभर झाडूनच राह्यते बिचारी."

गुरुजी माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांना तिचं सांत्वन करायचं होतं आणि सांत्वनासाठी त्यांच्याजवळ एकच शब्द होता. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तृष्णा हे अशीच असते."

"तृष्णा नाई जी ते," आत्या म्हणाली. "मले घर पायजे होतं."

ती हे मोठ्यानं बोलली नाही. पण नंतर तिला रडू फुटलं. आमच्या घरात राहायला आल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ती रडली तशी आजी रडली, मग आई, मग मी. मला त्या नवऱ्याचा राग आला, बाबांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या थंड देशातल्या लेखकाचा आला. त्यानं त्या मुलीला अख्खं आयुष्य एकटीनं खोटं बोलत बसवलं होतं. तिच्याभोवती बसून रडायला चार बायासुद्धा त्याला सुचल्या नव्हत्या.

गुरुजींनी आमचं रडणं ओसरू दिलं. मग म्हणाले, "बरोबर हाये बाई. ते तृष्णा नाई." आपण समजावलेलं गुरुजींनी मागं घेतल्याचा प्रसंग वस्तीतल्या कुणालाच आठवत नव्हता. विहारात त्या दिवशी फुटाणे वाटायचे राहून गेले.

पुढच्या आठवड्यात मी कॉलेजात सरांना गाठलं आणि विचारलं, घर हवं असणं याला स्वप्न म्हणायचं की वास्तव? सर विचारात पडले. मग म्हणाले, प्रश्नात दोन्ही शब्द आहेत, तेव्हा दोन्हींवर लिहा.

बैठक झाली, फारकतही झाली. नवरा आलाच नाही, माणूस पाठवला. ग्रंथही बांधून आला आणि वाचन पुन्हा रुळावर आलं. पौर्णिमा जवळ येऊ लागली तशी आत्याकडे त्या स्थळाचा विषय काढायचा कुणी, यावरून आमच्या घरात ढकलाढकली सुरू झाली. बाबा त्या दिवसापासून बहिणीच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. शेवटी आईनंच विचारलं. गुरुजी त्या माणसाला घेऊन आपल्याकडे यायचं म्हणतात, बोलावू का?

"त्यानं नाई याचं," आत्या म्हणाली. "मीच जातो पाहाले."

याला मात्र बाबांनी हरकत घेतली. मुलीकडचे घर पाहायला जातात हे खरं, पण जातात ते बाप-भाऊ. खुद्द बाई कधी आपलं सासर तपासायला गेली आहे का? लोक काय म्हणतील? आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाबांधानं चालत निघून गेली.

ती सकाळची गेलेली दिवस मावळायला परत आली. आम्ही सगळे अंगणातच होतो. बाबा उगाच दोर वळत बसले होते. आत्यानं रांजणातलं पाणी घेतलं, प्यायली आणि उंबऱ्यावर टेकली.

"दोन खोल्या हायेत," ती म्हणाली. "एकात धान, एकात मानसं. नळ नाई. विहीर हाये, पन लांब हाये. कौलं फुटली हायेत. पोरीच्या डोक्यात उवा."

बाबा दोराकडे पाहत म्हणाले, "मंग नाई म्हनून कळवू का?"

"मानूस काईच बोलत नाई," आत्या म्हणाली. "मी बसली बसली, एक शब्द नाई. मंग मीच विचारलं, तुमी काऊन नाई बोलत? तो म्हणे, बायको मेली, तिच्यासंगच बोलत होतो. आता सवय नाई राह्यली."

आई तिच्या शेजारी येऊन टेकली.

"मंग मी बी सांगतलं," आत्या म्हणाली. "म्हटलं, मले सवय हाये बोलाची, पन समोर मानूस नसते. तो हसला. मंग पोरीच्या उवा काढत बसली मी, त्यातच उशीर झाला."

बाबांनी दोर बाजूला ठेवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "सांग बाई," ते म्हणाले. "गुरुजीजवळ काय निरोप देऊ?"

"निरोप कायले?" आत्या म्हणाली. "हो म्हनून मीच सांगून आली."